स्थूल मुलाचा रक्त-अहवाल : पालकांनी तो कसा वाचावा

वजन वाढलेल्या मुलाची रक्ततपासणी होऊन तिचा अहवाल हाती आला की पालकांच्या मनात जे प्रश्न उभे राहतात, ते वाचकांच्या पत्रांतून इतक्या वेळा आणि इतक्या समान शब्दांत येत आले आहेत की, प्रत्येकास वेगळे उत्तर देण्यापेक्षा सर्वांसाठी एकत्र खुलासा करणे अधिक श्रेयस्कर वाटते. कोणी विचारतात, कागदावर एकही आकडा ठळक अक्षरांत छापलेला नसताना बालरोगतज्ज्ञ चिंता का व्यक्त करतात. कोणी कोलेस्टेरॉल मर्यादेत पाहून निश्चिंत होतात आणि त्याच्याच खालच्या ट्रायग्लिसराइडच्या ओळीकडे त्यांचे लक्षही जात नाही. तर कोणी ‘एकूण प्रथिने’ ही नोंद वाचून मुलाला प्रोटीनची भुकटी सुरू करावी की चालू असलेली बंद करावी, या विवंचनेत पडतात. या सर्व गोंधळाचे मूळ एकच आहे : अहवालातील आकडा स्वतःहून निकाल देत नाही, मुलाचे वय, रक्त घेतेवेळची त्याची अवस्था, शेजारचे इतर आकडे आणि घराण्याची हकीकत यांच्या जोडीने तो वाचला, तरच त्यावरून काही निर्णय करता येतो. ते वाचन कसे करावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

निर्णयापुरते शास्त्र

चरबी पाण्यात विरघळत नाही, आणि रक्तद्रवात तर बहुतांश पाणीच असते. म्हणून चरबीची ने-आण करण्यासाठी शरीराला प्रथिनांचा आश्रय घ्यावा लागतो. चरबी आणि प्रथिन यांच्या संयुक्त कणांना लायपोप्रोटीन म्हणतात, आणि अहवालातील व्हीएलडीएल, एलडीएल व एचडीएल ही नावे त्यांचीच होत. व्हीएलडीएल मुख्यत्वे यकृतात तयार झालेले ट्रायग्लिसराइड वाहतो, एलडीएल कोलेस्टेरॉल पेशींकडे नेतो, आणि एचडीएल जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणण्यास साहाय्य करतो. पहिल्या दोहोंच्या प्रत्येक कणावर अपो-बी या प्रथिनाचा एकेकच रेणू असतो. त्यामुळे अपो-बीची मोजणी म्हणजे धमन्यांना अपायकारक ठरणाऱ्या कणांची शिरगणतीच होय.

पोटाभोवती चरबी साठत गेली की स्नायू व यकृत इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे होतात. चरबीच्या पेशींतून स्निग्धाम्ले अधिक प्रमाणात सुटतात, अल्ब्युमिन या रक्तप्रथिनाला बिलगून ती यकृतापर्यंत पोहोचतात, आणि यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड करून व्हीएलडीएलच्या रूपाने पुन्हा रक्तात पाठवते. अशा रक्तात एचडीएल घटतो आणि एलडीएलचे कण लहान व घट्ट होतात. परिणामी कणांची संख्या वाढली असतानाही एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा जवळपास ठीक दिसू शकतो. स्थूल मुलांत सर्वसाधारणपणे आढळणारे चित्र ते हेच : ट्रायग्लिसराइड चढलेले, एचडीएल उतरलेला, आणि एकूण कोलेस्टेरॉल मात्र पाहणाऱ्याला फसविण्याइतके निरुपद्रवी.

तपासणी कोणत्या मुलाची करावी

आपल्याकडील मुलांत वजनाच्या मानाने चरबी अधिक असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्यानजीकच्या गावांत सुरू केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी असलेल्या येथील नवजात बालकांतही स्नायूंच्या तुलनेने चरबी टिकून असते. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच ते अठरा वर्षांच्या वाढ-तक्त्यांत अतिवजन व स्थूलता यांच्या रेषा प्रौढांच्या २३ व २७ या बीएमआयशी समकक्ष अशा, म्हणजे पाश्चात्य मापांहून खाली, आखलेल्या आहेत. मुलाचा बीएमआय याच तक्त्यावर, वय व लिंग पाहून, नोंदवून घ्यावा. पुढीलपैकी काहीही लागू असल्यास तपासणीबाबत डॉक्टरांशी जरूर बोलावे :

- बीएमआय स्थूलतेच्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे आहे, अथवा कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे.
- आई-वडील, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी वा भावंडे यांपैकी पुरुषास ५५ किंवा स्त्रीस ६५ वर्षांच्या आत हृदयविकाराचा झटका आलेला आहे.
- आई-वडिलांपैकी कोणाचे एकूण कोलेस्टेरॉल २४० किंवा त्याहून अधिक आहे.
- मुलाला मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे.
- मानेवर व काखेत काळसर, मखमली, जाडसर कातडी दिसते. हा मळ नव्हे. तो इन्शुलिनला शरीर दाद देत नसल्याचा संकेत असतो, सबब तो घासून काढण्याचा खटाटोप करू नये.

दोन वर्षांखालील बालकाची ही तपासणी सहसा करीत नाहीत. नऊ ते अकरा हा काळ विशेष सोयीचा, कारण पुढे यौवनारंभी कोलेस्टेरॉलचे आकडे काही काळ आपोआप खाली येतात आणि दोष झाकला जाण्याचा संभव असतो.

रक्त देण्यापूर्वीची दक्षता

- उपवास : ट्रायग्लिसराइड मोजावयाचे असल्यास नऊ ते बारा तासांचा उपवास असावा, पाणी पिण्यास हरकत नाही. सकाळचा दूध-कप ‘एवढ्याने काय होते’ म्हणून दिला गेला, तर आकडा बिनचूक राहत नाही. केवळ प्राथमिक चाळणी करावयाची असेल, तर उपवासाविना घेतलेल्या रक्तावरूनही नॉन-एचडीएल, म्हणजे एकूणमधून एचडीएल वगळून उरणारे, कोलेस्टेरॉल काढता येते.
- आजारपण : ताप किंवा अन्य संसर्ग चालू असताना हे आकडे बदलतात. मूल पूर्ण बरे झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत.
- औषधे : स्टेरॉइड, मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन, अपस्माराची काही औषधे यांचा परिणाम आकड्यांवर होतो. चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी.
- दुसरी तपासणी : एका नमुन्यावरून निर्णय करू नये. पहिला आकडा वाढलेला आढळल्यास दोन आठवडे ते तीन महिने या मुदतीत उपवासाची दुसरी तपासणी करून दोहोंची सरासरी घ्यावी.

मुलांसाठी मर्यादा वेगळ्या आहेत

बहुतेक प्रयोगशाळा अहवालाच्या उजव्या रकान्यात प्रौढांच्याच मर्यादा छापतात, आणि सर्वांत मोठी गफलत येथेच होते. मुलांसाठी प्रचलित असलेल्या मर्यादा, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात, पुढीलप्रमाणे आहेत :

- एकूण कोलेस्टेरॉल : १७० च्या खाली ठीक, १७० ते १९९ सीमेवर, २०० व वर अधिक.
- एलडीएल : ११० च्या खाली ठीक, ११० ते १२९ सीमेवर, १३० व वर अधिक.
- नॉन-एचडीएल : १२० च्या खाली ठीक, १२० ते १४४ सीमेवर, १४५ व वर अधिक.
- ट्रायग्लिसराइड, नऊ वर्षांपर्यंत : ७५ च्या खाली ठीक, ७५ ते ९९ सीमेवर, १०० व वर अधिक.
- ट्रायग्लिसराइड, दहा ते एकोणीस वर्षे : ९० च्या खाली ठीक, ९० ते १२९ सीमेवर, १३० व वर अधिक.
- एचडीएल : ४५ च्या वर ठीक, ४० ते ४५ सीमेवर, ४० च्या खाली कमी.
- अपो-बी : ९० च्या खाली ठीक, ११० व वर अधिक.

समजा, आठ वर्षांच्या मुलाच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल १७८, एचडीएल ४१ आणि ट्रायग्लिसराइड १४२ आहे. प्रौढांच्या २०० व १५० या मर्यादांपुढे दोन्ही मोठे आकडे निर्दोष ठरतात आणि कागदावर काहीही अधोरेखित होत नाही. ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा आणि एचडीएल हे एकूण कोलेस्टेरॉलमधून वजा करण्याची १९७२ पासून रूढ असलेली रीत वापरली, तर एलडीएलही १०९ म्हणजे ठीकच निघतो. परंतु मुलांच्या मर्यादा लावताच ट्रायग्लिसराइड स्पष्टपणे अधिक ठरते, एचडीएल सीमेवर येतो, आणि एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा नॉन-एचडीएलचा आकडा १३७, म्हणजे तोही सीमेवरचा, निघतो. ही वजाबाकी आपण घरी कागदावर करू शकता; तिला उपवासाची अट नाही आणि वेगळा खर्चही नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असल्यास मात्र हिशेबाने काढलेला एलडीएल ग्राह्य धरू नये.

परदेशी राहणाऱ्या वाचकांच्या हाती मिलिमोल प्रति लिटर या मापातील अहवाल येत असेल, तर कोलेस्टेरॉलच्या आकड्यांना ३८.७ ने आणि ट्रायग्लिसराइडच्या आकड्याला ८८.६ ने गुणावे, म्हणजे वरील मर्यादांशी तुलना करता येईल.

आकड्यांची ठेवण आणि पुढील मार्ग

१. ट्रायग्लिसराइड अधिक, एचडीएल कमी, एलडीएल ठीक वा किंचित वाढलेला. ही स्थूलतेशी निगडित ठेवण होय, आणि तिच्यावरील मुख्य इलाज आहार, हालचाल व झोप हाच आहे. जोडीने उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी, यकृताचा एएलटी आणि रक्तदाब पाहून घ्यावा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असल्यास मधुमेहाची पूर्वावस्था आणि ६.५ व वर असल्यास मधुमेह समजतात.

२. एलडीएल १६०, विशेषतः १९० च्या वर. एवढी वाढ केवळ वजनाने सहसा होत नाही. आनुवंशिक दोषामुळे एलडीएल रक्तातून पुरेसा उचलला जात नसावा, अशी शंका येथे घ्यावी लागते. अशा वेळी आई, वडील व भावंडे यांचीही तपासणी व्हावी, कारण सडपातळ भावंडातही तोच दोष असू शकतो.

३. ट्रायग्लिसराइड ५०० किंवा त्याहून अधिक. येथे विलंब करू नये. आकडा आणखी चढल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. त्यात पोटात तीव्र वेदना व उलट्या होऊ लागल्यास मुलाला तात्काळ रुग्णालयात न्यावे.

४. सर्वच आकडे अनपेक्षितपणे वाढलेले. थायरॉइडची मंदता, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा औषधांचा परिणाम यांची तहकीकात आधी व्हावी. विशेषतः वजन वाढत असताना उंचीची वाढ थांबली असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या निदर्शनास अवश्य आणावी. केवळ आहाराने झालेल्या स्थूलतेत मुले बहुधा वयाच्या मानाने उंच असतात.

अहवालातील प्रथिने आणि ताटातील प्रथिने

‘एकूण प्रथिने’ व ‘अल्ब्युमिन’ हे आकडे मुलाने किती डाळ वा अंडी खाल्ली याचा हिशेब देत नाहीत. यकृत प्रथिने नीट घडवीत आहे किंवा नाही आणि मूत्रपिंड ती राखीत आहे किंवा नाही, हे त्यांवरून कळते. साध्या स्थूलतेत ते बहुधा मर्यादेत असतात. मात्र अल्ब्युमिन कमी, कोलेस्टेरॉल फार वाढलेले, सकाळी पापण्या सुजलेल्या आणि लघवीला फेस, असा योग जुळला तर मूत्रावाटे प्रथिने वाहून जात असावीत. त्यांची भरपाई करण्याच्या खटपटीत यकृत लायपोप्रोटीनही अधिक बनवू लागते, आणि वाढलेले वजन चरबीचे नसून साचलेल्या पाण्याचे असते. मूत्राची साधी तपासणी हा प्रश्न निकालात काढते.

अहवालातील इतर काही नावांविषयी :

- एएलटी : हे यकृतातील विकर आहे. मुलींत २२ व मुलांत २६ ही योग्य वरची मर्यादा मानतात. छापील मर्यादा बहुधा याहून पुष्कळ वर असते. आकडा सातत्याने वाढलेला राहिल्यास यकृतातील चरबीचा विचार करावा लागतो.
- सीआरपी : दाह दर्शविणारा हा आकडा स्थूलतेत किंचित वाढतो, पण साध्या सर्दीतही वाढतो. त्यावरून आहाराचा निर्णय होत नाही.
- लेप्टिन व अडिपोनेक्टिन : चरबीच्या पेशींतून निघणारी ही प्रथिने आहेत. लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये लागला तेव्हा स्थूलतेवर रामबाण इलाज मिळाला असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात बहुतेक स्थूल मुलांत ते मुळातच वाढलेले असते. पाच वर्षांच्या आत अतितीव्र स्थूलता आणि न शमणारी भूक असेल, तरच या दिशेने तपास करण्यात अर्थ आहे. अडिपोनेक्टिन स्थूलतेत घटते, परंतु त्याच्या आकड्याने उपचार बदलत नाही.
- लायपोप्रोटीन-ए : हा बहुतांशी आनुवंशिक आकडा आहे आणि आहाराने तो फारसा हलत नाही. घराण्यात अकाली हृदयविकार असेल तर एकदा मोजणे पुरेसे.
- उपाशीपोटीचे इन्शुलिन : सरसकट करण्याची शिफारस नाही.

तात्पर्य, ‘संपूर्ण पॅकेज’ची जाहिरात पाहून तीस-चाळीस चाचण्या एकदम करण्याऐवजी, ज्या आकड्याने आपला पुढचा निर्णय बदलणार आहे, तेवढाच मोजून घ्यावा.

घरात करावयाचे बदल

- साखर प्रथम. ट्रायग्लिसराइड वाढले की पालक तेल-तूप बंद करतात आणि फळांच्या रसाचा डबा मात्र चालू ठेवतात. वास्तविक जादा साखर व मैदा यांचेच यकृतात ट्रायग्लिसराइड होते. दोन वर्षांवरील मुलाला वरची साखर दिवसाकाठी २५ ग्रॅमच्या आत असावी. गोड शीतपेयात शंभर मिलिलिटरमागे सुमारे १० ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत दिवसभराची मर्यादा ओलांडली जाते. दुधात घालावयाच्या गोड भुकट्या, बिस्किटे व खारी यांचाही हिशेब धरावा.
- चरबी मोजून, वर्ज्य नव्हे. एलडीएल वाढला असल्यास वनस्पती तूप, लोणी, चीज व मलई कमी करावी. जानेवारी २०२२ पासून तेल व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा दोन टक्के आहे. तथापि तेच तेल कढईत पुनःपुन्हा तापविले जाते तेथे या मर्यादेचा भरवसा धरू नये. वरणभातावरचे चमचाभर तूप हा मुख्य अपराधी नव्हे.
- प्रथिने ताटातून. वरण, मटकी-मुगाची उसळ, दही-ताक, अंडी, मासे यांतून मुलाची गरज भागते. प्रोटीनच्या भुकटीची जरूर नाही; पुष्कळ भुकट्यांत साखर असते.
- हालचाल. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. खो-खो, कबड्डी, दोरीवरच्या उड्या, सायकल, पोहणे, काहीही चालेल. ते मुलाच्या आवडीचे असावे, एवढीच अट.
- झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास, पुढे अठरापर्यंत ८ ते १० तास. मूल मोठ्याने घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.
- नियम सर्वांना एकच. स्थूल मुलाला ताक आणि धाकट्याला आईस्क्रीम, ही वाटणी कोणत्याही घरात टिकत नाही.

हमखास होणाऱ्या चुका

- वाढत्या वयात उपाशी ठेवणे. उंची वाढत असताना वजन आहे तेथेच राहिले, तरी बीएमआय आपोआप खाली येतो; अनेक मुलांत तेवढेच उद्दिष्ट पुरेसे असते.
- दोन वर्षांखालील बालकाचे दूध व स्निग्ध पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्याविना तोडणे.
- ओळखीच्या प्रौढाची कोलेस्टेरॉलची गोळी किंवा वजन घटविणारी चूर्णे मुलास देणे.
- पाहुण्यांसमोर, नातलगांत किंवा वर्गात मुलाच्या वजनाची चर्चा होऊ देणे. अपमानित मूल चोरून खाते. ते कमी खात नाही.

औषधाचा प्रश्न

स्थूलतेच्या पहिल्या ठेवणीत औषध सहसा लागत नाही. साधारणतः दहा वर्षांवरील मुलात सहा महिने मनःपूर्वक आहार-विहार सांभाळूनही एलडीएल १९० वर राहिला, किंवा घराण्यात अकाली हृदयविकार असून तो १६० वर राहिला, तर तज्ज्ञ स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरविणारी गोळी सुचवितात. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत पुढील गर्भधारणेचा विचार त्या वेळीच बोलून घ्यावा.

आपले हक्क

- मुलाच्या अहवालाची प्रत मागून आपल्या दप्तरी ठेवावी. रुग्णालयात दाखल असतानाची कागदपत्रे मागितल्यास वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत दिली पाहिजेत.
- तपासणी अमुकच प्रयोगशाळेत करावी, अशी सक्ती आपणांवर करता येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचा अभिप्राय घेण्याचाही आपणांस अधिकार आहे.
- महाराष्ट्रात शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. लिपिड तपासणी जवळच्या कोणत्या रुग्णालयात होते, याची आधी चौकशी करावी.
- अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार अतिरिक्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात, तसेच शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. याचा भंग होत असल्यास प्रथम मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा. दखल न घेतल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवावी, आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.

फेरतपासणी

बदल सुरू केल्यापासून तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. त्याहून लवकर केल्यास खर्च होतो आणि बोध थोडा होतो. ट्रायग्लिसराइड सर्वांत आधी उतरते. एचडीएल सावकाश चढतो, म्हणून पहिल्याच खेपेस तो न वाढल्यास धीर सोडू नये. दरम्यान एका वहीत तारीख, उंची, वजन, कंबरेचा घेर व रक्तदाब यांची नोंद ठेवावी, आणि पुढच्या भेटीस जाताना ती वही, जुने अहवाल व पुढील तीन प्रश्न सोबत न्यावेत :

1. हे आकडे मुलांच्या मर्यादांनी पाहिले आहेत काय, आणि नॉन-एचडीएल किती येतो?
2. आकड्यांची ही ठेवण वजनाची आहे, आनुवंशिक आहे, की अन्य विकाराची?
3. पुढील तपासणीत कोणता आकडा किती खाली यावा, आणि तो न आल्यास पुढे काय करावयाचे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहूनच दवाखान्यातून बाहेर पडावे. ते लिहिलेले नसेल, तर पुढचा अहवाल आल्यावर त्याची तुलना कशाशी करावयाची, हे आपणांस ठरविता येणार नाही.